तिजोरी कोणाच्या घरी?

सर्व पासवर्ड एका तिजोरीत ठेवावेत आणि तिची किल्ली तेवढी लक्षात ठेवावी, हा संगणक-सुरक्षेच्या जाणकारांचा सल्ला आता जुना झाला आहे. तो योग्यही आहे. वाद आहे तो ही तिजोरी आपल्याच संगणकावर असावी की एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे ‘क्लाऊड’मध्ये, याचा. ‘लास्टपास’ या अमेरिकी कंपनीवर २०२२ मध्ये ओढवलेल्या प्रसंगानंतर हा वाद केवळ पुस्तकी राहिलेला नाही.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये चोरांनी कंपनीतील एका प्रोग्रॅमरच्या खात्यातून शिरकाव करून सोर्स कोड पळवला. ग्राहकांच्या तिजोऱ्यांना धक्का लागलेला नाही, असे तेव्हा सांगण्यात आले. पुढे चोरांनी मोर्चा वळवला तो एका वरिष्ठ अभियंत्याच्या घरच्या संगणकाकडे. साठ्याच्या किल्ल्या हाती असलेल्या चार अभियंत्यांपैकी हा एक. करमणुकीच्या एका सॉफ्टवेअरमधील त्रुटीचा फायदा घेऊन त्याच्या संगणकावर कळफलकाची प्रत्येक नोंद टिपणारा प्रोग्रॅम बसवण्यात आला आणि त्याने टाइप केलेला मुख्य पासवर्ड चोरांना अलगद मिळाला. ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रतीच चोरीस गेल्याची कबुली कंपनीने २२ डिसेंबरला, ऐन नाताळच्या तोंडावर दिली.

तिजोऱ्या कुलूपबंद होत्या हे खरे. आतील पासवर्ड सांकेतिक रूपात होते. संकेतस्थळांचे पत्ते मात्र उघडेच होते. परंतु चोराने तिजोरीची प्रत घरी नेली की, ‘तीन वेळा चुकल्यास खाते बंद’ हा बँकेचा नियम त्याला लागू होत नाही. तो वर्षानुवर्षे, कोट्यवधी वेळा किल्ली लावून पाहू शकतो. त्याचा वेग रोखण्यासाठी मुख्य पासवर्डवर एक गणिती प्रक्रिया पुनःपुन्हा केली जाते. २०१८ पासूनच्या खात्यांत ती १,००,१०० वेळा होत असे. अनेक जुन्या खात्यांत मात्र ५,००० वेळा किंवा त्याहूनही कमी. म्हणजे सर्वांत जुना, निष्ठावान ग्राहकच सर्वांत उघडा पडला. मुख्य पासवर्ड नंतर बदलूनही उपयोग नव्हता, कारण चोरीच्या प्रतीला जुनीच किल्ली लागते. जानेवारी २०२४ मधील सुमारे १५ कोटी डॉलरच्या क्रिप्टो-चोरीचा धागा अमेरिकी तपासयंत्रणांनी २०२५ मध्ये याच प्रकरणाशी जोडला.

मग तिजोरी घरीच ठेवावी काय? ‘कीपास’सारखा मुक्त प्रोग्रॅम २००३ पासून नेमके तेच करतो. परंतु घरची हार्डडिस्क निकामी होते, फोन लोकलच्या गर्दीत मारला जातो, आणि दुसरी प्रत काढून ठेवण्याचा उत्साह पहिल्या आठवड्यानंतर ओसरतो. ‘कीपास’मध्येही संगणकाच्या स्मृतीतून मुख्य पासवर्ड जवळजवळ पूर्ण वाचता येण्याची त्रुटी २०२३ मध्ये सापडली, ती त्याच वर्षी दुरुस्त झाली. शिवाय लास्टपासचे दार फुटले ते एका घरच्या संगणकावरूनच, हे विसरता येत नाही.

सामान्य नोकरदाराच्या बाबतीत पासवर्ड चोरीस जाण्याइतकीच ते हरवण्याची भीतीही मोठी आहे. (पासबुकाच्या शेवटच्या पानावर पिन लिहिणाऱ्यांविषयी न बोललेले बरे.) त्याने क्लाऊडच निवडावा, मात्र मुख्य पासवर्ड एकमेकांशी संबंध नसलेल्या पाच-सहा शब्दांचा असावा, आणि तो अन्यत्र कोठेही वापरलेला नसावा. क्रिप्टोचलनाच्या किल्ल्या मात्र तेथे ठेवू नयेत. एकदा गेलेली रक्कम परत मागायला तेथे बँकही नसते. आणि ज्यांचे लास्टपास खाते २०२२ पूर्वीचे आहे, त्यांनी त्यातील एखादा पासवर्ड अजून बदलला नसेल तर तो आजच बदलावा.