पोटचें लेकरूं घराबाहेर कां?

आमच्या खेड्यापाड्यांतून एक रीत पडून गेली आहे. जत्रेंत जोगत्याच्या परडींत जोंधळे घालावयाचे, त्याच्या हातचा भंडारा कपाळीं लावावयाचा, बारशाला दारीं आलेल्या तृतीयपंथीयाचा आशीर्वाद घ्यावयाचा. आणि तसेंच लेकरूं आपल्या पोटीं आलें कीं त्यास बडवून घराबाहेर काढावयाचें. परक्याचें तें देवाचें, आणि आपलें तें लाजेचें! हा कोणता न्याय, याचा विचार आमच्या शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनीं करावा, म्हणून आम्ही हे चार शब्द लिहितों.

कोणी शरीरानें मुलगा जन्मास येतो, पण त्याचें मन मुलीचें असतें. कोणाचें याच्या उलट. कोणा पुरुषाचें मन पुरुषावर, तर कोणा बाईचें बाईवर जडतें. ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, पण गांव दोघांसही एकाच शिवीनें हांक मारतो. हा रोग नव्हे, वाईट संगत नव्हे कीं मागच्या जन्मींचें पापही नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनें 1990 सालींच समलिंगी प्रेम रोगांच्या यादींतून काढून टाकलें. भगताच्या धुरानें किंवा डॉक्टरच्या सुईनें मन पालटत नाहीं. असल्या उपचारांस राष्ट्रीय वैद्यक आयोगानें 2022 सालीं गैरवर्तन ठरविलें. तेव्हां कोंबडें कापण्याआधीं आणि सावकाराच्या दारीं जाण्याआधीं एवढें ध्यानांत घ्यावें.

ही हेटाळणी जुनीच असेल. पण तिला कायद्याचें बळ दिलें तें इंग्रज सरकारनें. 1860 च्या दंडसंहितेंत त्यानें 377 वें कलम घातलें. पुढें 1871 सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा आला. ह्याच कायद्याच्या परंपरेनें आमच्या फिरस्त्या जातींवर जन्मतःच चोरीचा शिक्का मारला. त्याच्या दुसऱ्या भागांत, उत्तर हिंदुस्थानांतील संशयित हिजड्यांचीं नांवें सरकारी वहींत चढविण्याची तजवीज होती. नांव चढलेल्यानें बायकी पोशाखांत रस्त्यावर दिसूं नये, दत्तक घेऊं नये, मृत्युपत्र करूं नये! जन्मावरून माणसाची किंमत ठरविण्याचा जो अन्याय आम्ही पिढ्यान्पिढ्या सोसला, त्याचीच ही सख्खी बहीण नव्हे काय? आपणांवर आला तो अन्याय, आणि आपण दुसऱ्यावर केला ती रीत, असें म्हणणाऱ्यास समतेचें नांव घेण्याचा अधिकार राहत नाहीं.

आतां काळ पालटला आहे. 15 एप्रिल 2014 रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तृतीयपंथीयांस स्वतंत्र ओळख दिली. त्या दाव्यांत लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांनींही आपली बाजू मांडली होती. 6 सप्टेंबर 2018 रोजीं सज्ञान माणसांच्या राजीखुषीच्या प्रेमास 377 व्या कलमाच्या जाचांतून सोडविलें. हें आकाशांतून पडलें नाहीं. मुंबईस हमसफर ट्रस्टनें 1994 पासून आणि पुण्यास समपथिक ट्रस्टनें 2002 पासून अशा लोकांस आधार देण्याचें काम चालविलें, तेव्हां कोठें वाट फुटली.

'हीं शहरचीं थेरें, आमच्या गांवांत असलें कांहीं नाहीं,' असें कोणी म्हणेल. त्यास आम्ही दोन गांवांचीं नांवें सांगतों. सोलापूर जिल्ह्यांत माळशिरस तालुक्यांतील तरंगफळ गांवानें 2017 सालीं ज्ञानेश्वर कांबळे या तृतीयपंथी उमेदवारास थेट सरपंच निवडून दिलें. जळगांवजवळच्या भादली बुद्रुक येथें अंजली पाटील यांचा स्त्रियांच्या जागेवरील अर्ज फेटाळला गेला. त्या औरंगाबाद खंडपीठापुढें गेल्या, न्यायालयानें त्यांस परवानगी दिली, आणि जानेवारी 2021 च्या निवडणुकींत गांवानें त्यांस निवडून दिलें. मत देणारे शेतकरी-मजूरच होते ना? जो गांव पंचायतींत खुर्ची देतो, त्याला घरांत पाट देणें जड कां जावें?

आम्हां मास्तर लोकांस याची झळ वर्गांत दिसते. चालण्याबोलण्यावरून मुलें एखाद्यास चिडवितात, मोठी माणसें हंसतात, आणि एक दिवस तें पोर शाळेंत येईनासें होतें. 2011 च्या जनगणनेंत देशांत सुमारें 4 लाख 88 हजार लोक स्त्री-पुरुषांखेरीज 'इतर' म्हणून नोंदले गेले. त्यांत साक्षर शेंकडा 56, तर सर्व देशांत शेंकडा 74. शाळा सुटली, घर सुटलें, मग टाळी वाजवून पोट भरण्यावांचून उरतें काय? आणि पुढें आपणच म्हणतों, हे लोक भीक मागतात!

दुसरा अविचार लग्नाचा. 'लग्न करून द्या म्हणजे सुधारेल' असें म्हणून मुलास बोहल्यावर चढवितात. तो सुधारत नाहीं. कोणा गरीब बापाची लेक मात्र जन्माची फसते. एकाच मांडवांत दोन जीव होरपळतात, आणि कर्ज तेवढें सासऱ्याच्या माथीं राहतें.

तेव्हां आमचें सांगणें थोडकें आहे. लेकरास घराबाहेर काढूं नका. 2019 च्या कायद्यानें तृतीयपंथी लेकरास आईबापांच्या घरीं राहण्याचा हक्क दिला आहे. त्याचा हिस्सा बुडवूं नका. 2005 पासून हिंदु वारसा कायद्यानें वडिलोपार्जित जमिनींत मुलाचा व मुलीचा वांटा सारखाच आहे, मग तें लेकरूं मुलगा कीं मुलगी, हा वाद सातबाऱ्यावर उकरण्याचें कारणच काय? त्याची शाळा सोडवूं नका. चिडविणाऱ्या पोराचा कान मास्तरानें धरावा, आणि मास्तरच हंसत असेल तर पालकांनीं त्यास जाब विचारावा. लग्नाची बळजबरी तर मुळींच करूं नका.

कोर्टानें निकाल दिला, सरकारनें कायदा केला. पण कोर्ट कांहीं रात्रीं भाकरी वाढावयास येत नाहीं. ती आईनेंच वाढावी लागते, आणि बापानें 'बस, जेव' म्हणावें लागतें. एवढें ज्या घरीं होईल, त्या घरीं समता नांदते असें आम्ही म्हणूं.