धप्पा!

बालमित्रांनो, धप्पा! दचकलात ना? गेल्या आठवड्यात आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत लपाछपी इतकी रंगली होती, की घंटा झालेली कुणाला ऐकूच आली नाही. मग म्हटलं, या वेळी आपल्या गप्पा लपण्याबद्दलच होऊ द्यात.

तुम्हांला एक गुपित सांगू? तुमच्या या बाई लहानपणी व्हिडिओ गेम खेळायच्या. आजही कधीकधी खेळतात! त्यातही त्यांना आवडतात ते लपतछपत जायचे खेळ. इंग्रजीत त्यांना 'स्टेल्थ' गेम म्हणतात. यात शत्रूशी लढण्यापेक्षा त्याच्या नजरेला न पडणं महत्त्वाचं.

मी सातवीत असताना मामाकडे सुट्टीला गेले होते. मामेभावाच्या कॉम्प्युटरवर 'प्रोजेक्ट आयजीआय' नावाचा खेळ होता. 2000 साली निघालेला. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या बाबांनी आणि काकांनी तो खेळला असेल, विचारून बघा. एकटा माणूस शत्रूच्या तळात शिरतो. दुर्बिणीतून पहारेकरी बघायचे, कॅमेरे चुकवायचे, भिंतीच्या कडेकडेनं सरकायचं. एखादा कॅमेरा वळला आणि आपण दिसलो, की भोंगा वाजलाच! मग आणखी शिपाई धावून येत. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे मोहीम अर्ध्यावर 'सेव्ह' करता येत नसे. अर्धा तास जीव मुठीत धरून पुढे जावं आणि शेवटच्या दारापाशी सापडावं, की पुन्हा पहिल्यापासून. मी तर एकदा रडले होते! खरं सांगायचं, तर त्यात बंदुका होत्या, गोळीबार होता. तो माझ्या त्या वयाचा खेळ नव्हता. मामीला कळलं असतं, तर तिनं वायरच उपटली असती. (पालकहो, खेळाच्या वेष्टनावर वयाचा आकडा छापलेला असतो. तो जरूर वाचा.)

या खेळांची जन्मकथाही मजेदार आहे. 1987 साली जपानमध्ये हिदेओ कोजिमा नावाचा तरुण 'मेटल गिअर' हा लढाईचा खेळ बनवत होता. पण त्या काळातल्या त्या कॉम्प्युटरला पडद्यावर एकाच वेळी खूपशी माणसं आणि गोळ्या नीट दाखवता येईनात. दुसरा कुणी असता तर कपाळावर हात मारून बसला असता. यानं काय केलं? लढाई जमत नाही ना, मग आपला गडी लपतछपत जाऊ दे! अडचणीतूनच नवा खेळ सुचला. पुढे 1998 साली 'थीफ' नावाचा खेळ आला. त्यात उजेड आणि आवाज यांना फार महत्त्व. फरशीवरून चाललं की पावलं वाजतात, गालिच्यावरून चाललं की वाजत नाहीत. आपण किती उजेडात आहोत, हे दाखवणारा एक खडा पडद्याच्या तळाशी असतो. सगळ्यांत अवघड पातळीवर तर माणसाला मारायचंच नाही, असा नियम!

हे सगळं मला आवडतं. घाई करून चालत नाही. थांबावं लागतं, बघावं लागतं, विचार करावा लागतो. पण तासभर खेळून उठलं, की मन कसंसंच होतं. छाती धडधडत असते. समोरचा प्रत्येक माणूस म्हणजे फक्त दोन डोळे, आणि ते चुकवायचे! त्याचं नाव काय, त्याला काय वाटतं, याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही. आणि आपण कुणाला दिसलो, की संपलंच. हे काही मला बरं वाटत नाही.

का, ते सांगते.

आमच्या चौथीच्या वर्गात एक मुलगा होता. नाव सांगणार नाही. वाचनाचा तास आला, की त्याची पेन्सिल खाली पडायची. नाहीतर नेमकी त्याची पाळी आली, की "बाई, पाणी पिऊन येऊ?" समोरच्या उंच मुलाच्या पाठीआड तो असा बसायचा, की मला दिसूच नये. मी कुठल्या रांगेपासून सुरुवात करते, कधी फळ्याकडे वळते, सगळं त्याला पाठ! एके दिवशी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अरेच्चा! हा तर तोच खेळ खेळतोय. आणि यातली गस्त घालणारी शिपाई कोण? मीच की!

आधी वाटलं, पकडावं एकदा चांगलं. पण पकडल्यावर काय होणार होतं? भोंगा वाजणार. म्हणजे वर्ग हसणार. मग तो आणखी चांगलं लपायला शिकला असता. त्याला वाचता येत नव्हतं, बस्स, एवढंच त्याला लपवायचं होतं.

शाळा सुटल्यावर त्याला थांबवून घेतलं. रोज दोनच ओळी. ऐकायला मी एकटी. चुकला तर पहिल्यापासून नाही, जिथं अडला तिथूनच पुढे. दोन महिने गेले. एका दुपारी वाचनाच्या तासाला मागच्या बाकावरून एक हात वर आला. त्याचाच! चार ओळी वाचल्या, तीनदा अडखळला. पेन्सिल मात्र खाली पडली नाही.

2019 साली ऑस्ट्रेलियातल्या काही मित्रांनी केलेला एक खेळ मला म्हणूनच फार आवडतो. 'अनटायटल्ड गूज गेम'. त्यात आपण असतो एक खोडकर हंस! झुडपात लपायचं, माळ्याच्या किल्ल्या पळवायच्या. बंदूक नाही, कुणी मरत नाही. आणि वाटेल तेव्हा 'पँक' करून ओरडायला एक खास बटण! लपून बसलेल्याला 'मी इथे आहे' असं ओरडायची मुभा.

आपल्या लपाछपीत तरी दुसरं काय असतं? लपून राहणारा नुसता वाचतो. पण जिंकतो तो, जो आडोशातून बाहेर येऊन राज्य असलेल्याच्या पाठीवर थाप मारतो.

तुमच्यापैकी कुणी वर्गात असं लपून बसत असेल, गणिताला, इंग्रजीला, नाहीतर नुसतं बोलायला घाबरून, तर एक करा. उद्या तुमच्या आवडत्या बाईंना किंवा सरांना एकटं गाठा आणि सांगा, "मला हे येत नाही."

हाच तुमचा धप्पा!

तुमच्या,
बाई