सांभाळणारा मालक नसतो

तेरवी आटोपते, पाहुणे आपापल्या गावी जातात आणि मग घरातलं कपाट उघडतं. पासबुकं, एफडीच्या पावत्या, विम्याची पॉलिसी, शेताचा सातबारा, सगळं एका पिशवीत गोळा होतं. ती पिशवी घरातल्या कर्त्या माणसाच्या हाती जाते. मोठे भाऊजी, थोरला मुलगा, कधी जावई. "वहिनी, इथं सही करा," म्हटलं की वहिनी सही करते. पुढे कोणी काही विचारलं तर तिचं उत्तर ठरलेलं, "भाऊजी पाहतात ना सगळं!" नाचणगाव असो, पुलगाव असो की देवळी, हे चित्र कुठे वेगळं आहे, सांगा बरं?

भाऊजी पाहतात यात वाईट काहीच नाही. दुःखात बुडालेल्या बाईसाठी कोणी बँकेच्या आणि तहसीलच्या चकरा मारत असेल तर त्याचे उपकारच मानावेत. पण मैत्रिणींनो, पाहणारा वेगळा आणि मालक वेगळा. गेलेल्या माणसाची मिळकत जो सांभाळतो तो विश्वस्त असतो. हा फरक आपण विसरतो, आणि काही वर्षांनी सांभाळणाराही विसरतो. भांडणाचं मूळ तिथेच असतं.

नॉमिनीचंच घ्या. कागदावर ज्याचं नाव, त्याचा पैसा, असं आपल्याकडे सर्रास समजतात. 2010 साली मुंबई उच्च न्यायालयात एका विधवेचं प्रकरण आलं होतं. नवऱ्याने शेअर्ससाठी आपल्या पुतण्याचं नाव नॉमिनी म्हणून दिलेलं. ते शेअर्स मला मिळावेत, असं बायकोचं म्हणणं. निकाल लागला पुतण्याच्या बाजूने! पुढे त्याच न्यायालयाने 2015 आणि 2016 मध्ये वेगळं मत दिलं. ते ज्या प्रकरणात दिलं, ते नाव तुमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेलं असेल. 'कालनिर्णय'चे संस्थापक जयंतराव साळगावकर 2013 मध्ये वारले. त्यांनी 2011 सालीच मृत्युपत्र करून ठेवलं होतं. तरीही काही गुंतवणुकींवर नॉमिनींची नावं होती आणि त्यावरून कुटुंबातला वाद कोर्टात गेला. 14 डिसेंबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. शेअर्स आणि म्युच्युअल फंडाचा नॉमिनी केवळ नॉमिनी आहे म्हणून मालक होत नाही. मालकी ठरते ती मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने. बँकेतल्या ठेवींनाही हेच लागू आहे. नॉमिनीच्या हाती पैसा येतो तो वारसांना पोचवण्यासाठी. विम्यात मात्र 2015 पासून नवरा-बायको, आई-वडील किंवा मुलं नॉमिनी असतील तर तरतूद वेगळी आहे, ती विचारून घ्यावी.

एवढ्या जाणत्या घरातला प्रश्न सुटायला दहा वर्षं लागली. आपल्या घरी तर बहुधा मृत्युपत्रही नसतं.

शेताची गोष्ट याहून नाजूक. खातेदार गेला की तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारसाची वर्दी द्यायची असते. पण वर्षानुवर्षं मेलेल्या माणसाच्या नावानेच सातबारा चालतो. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली तरी उताऱ्यावर आजोबाच! म्हणूनच सरकारला 2025 मध्ये 'जिवंत सातबारा' नावाची मोहीम काढावी लागली. आधी बुलडाणा जिल्ह्यात, मग राज्यभर. वारस नोंद होताना बायको, मुलं आणि मुली, सगळ्यांची नावं लागली का, हे डोळ्यांनी बघा. मृत्युपत्र नसेल तर हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख घरांत पुरुषाच्या स्वतःच्या मिळकतीत त्याची बायको, मुलगे, मुली आणि आई यांना सारखा वाटा मिळतो. वडिलोपार्जित मिळकतीतही 2005 पासून मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. 2005 मध्ये वडील हयात नसले तरी हा हक्क जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. तरी हक्कसोडपत्रावर सही मागायला भाऊ येतो आणि बहीण "माहेर तुटायला नको" म्हणून करून देते. द्यायचं तर जरूर द्यावं, पण काय देतोय ते कळून द्यावं.

काही घरांत आता रीतसर कौटुंबिक ट्रस्ट करून ठेवतात. वडील घर किंवा शेत ट्रस्टमध्ये ठेवतात, विश्वस्त नेमतात आणि उत्पन्न कोणासाठी वापरायचं ते लिहून देतात. अशा खासगी ट्रस्टला 1882 चा जुना कायदा लागतो. विश्वस्ताने हिशेब चोख ठेवायचा, ज्यांच्यासाठी ट्रस्ट आहे त्यांनी मागितला की दाखवायचा आणि त्या पदावरून स्वतःचा फायदा करून घ्यायचा नाही. दोन विश्वस्तांपैकी एक गेला तर कारभार उरलेल्याकडे येतो, गेलेल्याच्या मुलाकडे नाही. कायदा केवढा जुना, पण नियम किती साधे!

"हिशेब मागितला तर घरात बोलाचाली होते," असं बायका म्हणतात. होत असेल. पण आपल्या बचत गटाच्या बैठकीत दर महिन्याला हिशेब वाचून दाखवतात, तेव्हा अध्यक्षीणबाई रुसतात का? उलट हिशेब वाचला जातो म्हणूनच गट टिकतो. दहा-वीस रुपयांचा हिशेब आपण बरोबर मागतो आणि नवऱ्याच्या आयुष्यभराच्या कमाईचा मागताना जीभ अडखळते! श्रीमंतांनी स्वतःला संपत्तीचे विश्वस्त समजावं, असं सांगणारे बापू आपल्याच जिल्ह्यात सेवाग्रामला राहिले. तो विचार आपल्या घरात लागू व्हायला काय हरकत आहे?

तेव्हा पिशवी कोणाच्याही हाती देण्याआधी एका वहीत यादी करा. किती खाती, किती पावत्या, किती शेत, किती कर्ज. प्रत्येक कागदाची झेरॉक्स आपल्याजवळ ठेवा. कोऱ्या कागदावर सही नाही म्हणजे नाही. आणि सांभाळणाऱ्याला वर्षातून एकदा घरातल्या सगळ्यांसमोर हिशेब सांगायला बसवा. दिवाळीला सगळे जमतातच की.

आणि हो, नवरा-बायको दोघं धडधाकट असतानाच बसून मृत्युपत्र करा. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, फक्त दोन साक्षीदार हवेत. बँकेत नॉमिनी कोण आहे तेही बघून घ्या. 1 नोव्हेंबर 2025 पासून खात्याला चार नॉमिनीपर्यंत नावं देता येतात. "असं अभद्र कशाला बोलायचं?" म्हणून नवरे विषय टाळतात. टाळू देऊ नका. तुमच्या पाठीमागे आम्हाला कोणापुढे हात पसरावा लागू नये, एवढंच आमचं म्हणणं आहे, असं त्यांना सरळ सांगा.