पेटंट नक्की कुणाचं?

"पेटंट नसेल तर औषधं शोधणार कोण?" हे ऐकलं की डोकं फिरतं. कातालिन कारिकोंना एमआरएनएच्या नादापायी १९९५ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने चक्क खालच्या पदावर ढकललं. बाई हटल्या नाहीत. २००५ मध्ये ड्र्यू वाइसमनसोबत उत्तर सापडलं: एमआरएनएतलं यूरिडीन बदला, म्हणजे शरीर त्याच्यावर तुटून पडत नाही. फायझर, मॉडर्नाच्या कोविड लसी यावरच उभ्या आहेत. पेटंट मात्र विद्यापीठाच्या नावावर! २०२४ मध्ये बायोएनटेकने रॉयल्टीच्या वादात त्याच विद्यापीठाला ४६.७ कोटी डॉलरपर्यंत द्यायचं कबूल केलं. शोधणाऱ्यांना वाटा मिळतो, मान्य. पण जोखीम एकाची आणि मालकी दुसऱ्याची, याला संशोधनाचं बक्षीस कसं म्हणायचं? स्वतःचं अपॉइंटमेंट लेटर काढून बघा. 'तुम्ही शोधाल ते कंपनीचं' हे कलम बहुधा तिथेही असेल.