बाईची परीक्षा, बाप्याची सुटका

‘पोटातलं मूल कुणाचं?’ हा प्रश्न बाईला विचारणं आपल्या समाजाला नवं नाही. नवं एवढंच, की आता हा प्रश्न तिच्या रक्ताला विचारता येतो. गर्भवतीच्या रक्तात गर्भाच्या डीएनएचे सूक्ष्म तुकडे फिरत असतात, हे १९९७ साली डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. त्यातूनच सातव्या-आठव्या आठवड्यापासून बाप कोण ते सांगणारी चाचणी निघाली आहे. बाईच्या दंडातून रक्त घ्यायचं, पुरुषाच्या गालाच्या आतून नमुना घ्यायचा, आणि गर्भाला आईकडून न मिळालेला भाग या पुरुषाशी जुळतो का ते पाहायचं. पोटात सुई घालावी लागत नाही, म्हणून ती ‘निर्धोक’ म्हणून विकली जाते. निर्धोक कुणाला, ते मात्र कुणी सांगत नाही.

मी पांढरकवड्याची. आमचा केळापूर तालुका, शेजारचे झरी-जामणी आणि मारेगाव या भागातल्या ‘कुमारी मातां’विषयी वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षे छापून येत आहे. कोलामांच्या पोडांवर कामाच्या, व्यवहाराच्या निमित्तानं ठेकेदार, व्यापारी येतात. लग्नाचं आमिष दाखवतात. मुलीला दिवस गेले की ‘मी तो नव्हेच’ म्हणतात. काही जण तेलंगणाची सीमा ओलांडून जातात, काही इथंच उजळ माथ्यानं फिरतात. मुलगी आणि मूल मात्र पोडावरच राहतात. बातमी छापून आली की दर वेळी कुणीतरी म्हणतं, ‘डीएनए करून टाका, म्हणजे प्रश्न मिटेल.’ मग या नव्या चाचणीचं आपण स्वागतच का करू नये, असं मैत्रिणी मला विचारतात.

माझं उत्तर असं, की चाचणी कुणाच्या हाती आहे ते आधी पाहा. पळून गेलेला पुरुष गालातला नमुना द्यायला दवाखान्यात येणार नाही. येईल तो संशयी नवरा, बायकोला दंडाला धरून. अहवाल त्याच्या हाती पडेल तो गर्भपात करता येण्याच्या मुदतीत. पुढचा निर्णय मग तिचा राहील का? १९७१च्या कायद्यानं गर्भपाताला सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. तिथं बापाचं नाव लागत नाही, त्याची परवानगीही लागत नाही. कायद्यानं दिलेला हा हक्क चाचणीच्या वाटेनं पुन्हा पुरुषाकडे जाईल.

हे आपण एकदा भोगलं आहे. गर्भजल परीक्षा आली ती व्यंग शोधण्यासाठी, वापरली गेली मुली मारण्यासाठी. मुंबईतल्या मैत्रिणींनी मंच उभारून लढा दिला, तेव्हा १९८८ साली महाराष्ट्रानं देशातला पहिला कायदा केला आणि १९९४ साली केंद्राचा कायदा झाला. त्या कायद्यानं प्रसूतिपूर्व निदानाची कारणं मोजून दिली आहेत: गुणसूत्रांतले दोष, चयापचयाचे आनुवंशिक आजार, रक्ताचे आजार, लिंगाशी निगडित आजार, जन्मजात व्यंग. ‘बाप कोण’ हे कारण त्यात नाही, आणि ते येऊही देता कामा नये. ज्या नळीतल्या रक्तातून बाप कळतो, त्यातूनच मुलगा की मुलगी हेही कळतं.

आता न्यायालयात काय चालतं ते पाहू. लग्नाच्या बाईचं मूल नवऱ्याचंच, असं १८७२चा पुरावा कायदा मानत आला आणि २०२४पासून लागू झालेला नवा कायदाही मानतो. या गृहीतकाला धक्का देण्यासाठी डीएनए मागतात ते बहुतेक नवरेच. विदर्भातल्या एका दांपत्याच्या पोटगीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली डीएनए अहवाल या गृहीतकापेक्षा वरचढ मानला आणि मुलीची पोटगी गेली. पुण्याच्या एका घटस्फोटाच्या खटल्यात मात्र २०२३ साली त्याच न्यायालयानं मुलाची चाचणी नाकारली. आईबापांच्या भांडणात मुलाला पणाला लावू नका, असा त्याचा मथितार्थ.

पोडावरच्या मुलीला मात्र कुठलंच गृहीतक नाही. मूल अनौरस असलं तरी बापानं त्याला पोटगी द्यावी, असं कायदा स्पष्ट सांगतो. पण बाप कोण ते तिनंच सिद्ध करायचं. बलात्काराच्या गुन्ह्यात आरोपीचा नमुना घेण्याची तरतूद २००६पासून आहे. पोटगीच्या दाव्यात तो ‘देत नाही’ म्हणाला, की तारखांमागून तारखा पडत राहतात. म्हणजे संशयी नवऱ्याला विज्ञान हाकेच्या अंतरावर, आणि जिला खरी गरज तिला ते दुर्लभ.

म्हणून मागणी नीट मांडली पाहिजे. गर्भारपणात बापाची चाचणी नको. बाळ जन्मल्यावर, आईनं मागितली तर आणि तरच, ती सरकारी प्रयोगशाळेत, फुकट आणि ठरावीक मुदतीत झाली पाहिजे. बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७च्या कायद्यानं आहेच. त्याच्या जोडीला हा खर्चही सरकारनं उचलावा. अहवाल येईपर्यंत अंतरिम पोटगी द्यावी. आणि मुख्य म्हणजे, नमुना द्यायला नकार देणाऱ्यालाच बाप मानावं, असं कायद्यात लिहावं. आज न्यायाधीश तसा निष्कर्ष काढू शकतात, पण ते त्यांच्या मर्जीवर आहे.

हे अशक्य नाही. मथुराही आपल्याच विदर्भातली आदिवासी मुलगी. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात तिच्यावर बलात्कार झाला, आणि सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना सोडून दिलं. बायका रस्त्यावर आल्या, तेव्हा १९८३ साली कायदा बदलला: कोठडीतल्या बलात्कारात बाई ‘माझी संमती नव्हती’ म्हणाली, तर न्यायालयानं ते खरं धरून चालायचं. पुराव्याचं ओझं एकदा बाईच्या डोक्यावरून उतरवता आलं, तर ते पुन्हाही उतरवता येईल.

महाराष्ट्रात १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे सरकारी कागदपत्रांत आईचं नाव आधी लागतं. चांगलं झालं. पण पोडावरच्या मुलाच्या नावात आई पहिल्यापासूनच होती. तिथं प्रश्न नावाचा नाही, धान्याचा, कपड्यांचा आणि शाळेच्या खर्चाचा आहे, आणि त्यातला निम्मा वाटा बापाकडून वसूल व्हायला हवा.