जळकोटचा दुष्काळ आणि समुद्रातील प्रवाळ

तुळजापूर तालुक्यातील जळकोटच्या शिवारात पाऊस किती पडेल, हे बऱ्याच अंशी दूरच्या समुद्रांवर ठरते. मराठवाडा होरपळला त्या १९७२ आणि २०१५ या दोन्ही वर्षी प्रशांत महासागरात 'एल निनो' होता. १९९७ मध्ये मात्र प्रबळ एल निनो असूनही देशात सरासरीइतका पाऊस झाला. त्या वर्षी हिंद महासागराचा पश्चिम भाग तापलेला, तर पूर्व भाग थंड होता. या 'इंडियन ओशन डायपोल'ने मान्सूनला सावरले, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात.

जुनी नोंद कुठे मिळते?
समुद्राच्या तापमानाच्या सलग उपग्रह नोंदी जेमतेम चार दशकांच्या आहेत. त्याआधीचा हिशेब प्रवाळांनी ठेवला आहे. 'पोराइट्स' प्रवाळाचा चुन्याचा सांगाडा वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. त्यातील दाट-विरळ थर एक्स-रेमध्ये दिसतात. म्हणजे तीन मीटर उंचीच्या प्रवाळात सुमारे ३०० वर्षे साठलेली असतात.

ती वाचतात कशी?
बोअर घेतात तसे छिद्र पाडून प्रवाळातून लांब कांडी काढली जाते. पाणी तापले की सांगाड्यात जड ऑक्सिजन आणि स्ट्रॉन्शियमचे प्रमाण घटते. जड ऑक्सिजनवर पाण्याच्या खारेपणाचाही परिणाम होतो. त्यामुळे दोन्ही मोजून तापमान आणि पाऊस वेगळे काढता येतात.

काय हाती लागले?
इंडोनेशियातील प्रवाळांवरचा नेरिली अब्राम आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. इसवी सन १२४० पासूनच्या तुटक नोंदींत त्यांना डायपोलच्या दहा तीव्र घटना आढळल्या. त्यांतील चार अभ्यासाच्या आधीच्या ६० वर्षांतल्या आहेत. १६७५ ची घटना तर १९९७ पेक्षाही तीव्र होती. म्हणजे आपण पाहिले तेच टोक, असे मानणे धोक्याचे आहे.

घाई का?
अहमदाबादच्या भौतिक अनुसंधान प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी लक्षद्वीपच्या प्रवाळांवर १९९० च्या दशकातच काम केले आहे. मात्र १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये तापलेल्या पाण्यामुळे तिथले प्रवाळ पांढरे पडले. प्रवाळ मेले की नोंद थांबते. पुढे लाटा आणि पोखरणारे जीव सांगाडाही झिजवतात. प्रवाळांना कायद्याचे संरक्षण आहेच. ते पाळून, रीतसर परवानगीने, निवडक जुन्या प्रवाळांच्या कांड्या काढून जपण्यासाठी सरकारने आताच निधी द्यायला हवा.

यंदा मृगाचा पाऊस वेळेवर येईल का, हे प्रवाळ सांगणार नाहीत. पण वाईट वर्षे किती वाईट असू शकतात, हे ते सांगतात. धरणे, पीकविमा आणि चारा-पाण्याचे नियोजन केवळ गेल्या चाळीस वर्षांच्या आठवणीवर सोडता येणार नाही.