वाचन वर्गात उतरावे!
शिक्षकाने दरवर्षी किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२०ची अपेक्षा आहे. हे तास प्रमाणपत्रांपुरते उरू नयेत, यासाठी ऑनलाईन सामूहिक ग्रंथवाचन उपयुक्त ठरेल. प्रारंभ गिजुभाई बधेकांच्या ‘दिवास्वप्न’ने व्हावा. चौथीच्या वर्गाला गोष्टी, खेळ व नाट्य यांतून शिकविणाऱ्या शिक्षकाची ही कथा. सहकाऱ्यांची थट्टा सोसूनही त्याने प्रयोग सोडला नाही. शिक्षकांनी एक प्रकरण वाचावे, त्यातील एक प्रयोग आपल्या वर्गात करावा आणि यशापयश पुढील बैठकीत मोकळेपणाने मांडावे. दुर्गम पाड्यावर एकट्याने शाळा चालविणाऱ्या गुरुजींना एरवी असे सहाध्यायी कोठून लाभणार? वाचन वर्गात उतरले नाही, तर तासांची नोंद तेवढी होईल. विद्यार्थ्यांच्या पदरी काहीच पडणार नाही.